एकच बॉल, दोन ड्रिलिंग: लेआउटने नक्की किती फरक पडतो?

मंगळवारची_लीग (धागाकर्ता)

इथे क्रिकेट, बुद्धिबळ, अगदी पिकलबॉलवरही धागे येऊन गेले. टेनपिन बोलिंगवर शोधलं तर काहीच हाती लागलं नाही, म्हणून हा प्रपंच. ज्यांना रस नाही त्यांनी हलके घ्या.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. इकडे बर्फ पडायला लागला की संध्याकाळी करायला फारसं काही उरत नाही, त्यामुळे अर्धं गाव कुठल्या ना कुठल्या लीगमध्ये असतं. आमची मंगळवारी. मी उजव्या हाताने टाकतो, फिंगरटिप ग्रिप, अंगठा आत. वेग ताशी १६ मैलांच्या आसपास, रेव्ह रेट (बॉल मिनिटाला किती फेरे घेतो तो आकडा) ३०० च्या मागेपुढे. माझ्याकडे स्टॉर्म कंपनीचा फेझ टू हा बॉल आहे, १५ पौंडी. टीममधल्या एका मित्राकडेही तोच बॉल, तेच वजन. दोन्ही बॉलवर पिन (बॉलवरचा रंगीत ठिपका) अनामिकेच्या भोकाच्या वर. शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा ते नावावरूनच कळतं.

पण लेनवर दोन्हीचं वागणं अगदी वेगळं. त्याचा बॉल तेल संपेपर्यंत सरळ जातो आणि मग झपकन वळतो. माझा मध्यापासूनच वळायला लागतो आणि शेवटपर्यंत तसाच संथपणे वळत राहतो. मला दुसरा बॉल घ्यायचाच आहे. मित्र म्हणतो, 'आणखी एक फेझ टू घे आणि वेगळ्या लेआउटने ड्रिल कर, झाले दोन बॉल.' हे खरं आहे का? लेआउटने, म्हणजे भोकं बॉलवर नक्की कुठे पाडली याने, खरंच इतका फरक पडतो?

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदीत ३९ पट्ट्या, त्यांना बोर्ड म्हणतात. पहिल्या चाळीसेक फुटांवर तेल असतं, पुढे कोरडं. बॉल तेलावर घसरतो, कोरड्यात पकड घेऊन वळतो आणि शेवटी नुसता रोल होत पिनांत शिरतो.

---

भोकपाडे

शिकागोजवळ एका प्रो शॉपमध्ये शनिवार-रविवार ड्रिलिंग करतो, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

मंगळवारदादा, दोन बॉल शेजारी ठेवून लेआउट सारखा आहे असं म्हणता येत नाही. लेआउट भोकांवरून वाचायचा नसतो, पॅपवरून वाचायचा. बॉल हातातून सुटतो त्या क्षणी तो ज्या अक्षाभोवती फिरत असतो, त्या अक्षाचं पृष्ठभागावरचं टोक म्हणजे पॅप. उजव्या हाताच्या माणसाचं हे टोक ग्रिपच्या मध्यापासून उजवीकडे साधारण चार ते साडेपाच इंचांवर, थोडं वर नाहीतर खाली असतं. प्रत्येकाचं वेगळं, कारण प्रत्येकाचं मनगट वेगळं. आणि बॉलवरचा रंगीत ठिपका, म्हणजे पिन, ही आतला कोअर (वजनदार गाभा) कुठल्या दिशेला उभा आहे त्याची खूण (लेनच्या टोकाला उभ्या असतात त्या पिना निराळ्या). लेआउटमधला सगळ्यात वजनदार आकडा म्हणजे पिन ते पॅप अंतर.

आता तुमचं उदाहरण घेऊ. समजा तुमचा पॅप ४ इंचांवर आहे आणि मित्राचा साडेपाचवर. दोघांची पिन अनामिकेच्या वर, भोकांच्या हिशेबात अगदी त्याच जागी. तरी तुमचं पिन-पॅप अंतर ४ च्या जरा पुढे येईल आणि त्याचं जवळजवळ साडेपाच. दिसायला जुळे, पण लेआउट पूर्ण वेगळे. दुकानात कोणी पॅप न मोजता 'पिन वर ठेवू की खाली?' एवढंच विचारत असेल, तर थँक यू म्हणून बाहेर पडावं.

हल्ली लेआउट तीन आकड्यांत लिहितात. मो पिनेल यांनी रुजवलेली ड्युअल अँगल पद्धत सगळ्यात प्रसिद्ध (मोरिच आणि नंतर रॅडिकल या कंपन्यांचे कोअर त्यांनीच डिझाइन केले, २०२१ मध्ये कोविडने गेले). उदाहरणार्थ ५० × ४½ × ४०. मधला आकडा पिन ते पॅप, इंचांत. पहिला ड्रिलिंग अँगल (पिन-पॅप रेघ आणि पिनपासून मास बायस किंवा सीजीच्या खुणेकडे जाणारी रेघ यांच्यातला कोन) आणि शेवटचा व्हॅल अँगल (पिन-पॅप रेघ पॅपमधून जाणाऱ्या उभ्या रेघेशी, म्हणजे व्हॅलशी, करते तो कोन), दोन्ही अंशांत. ढोबळमानाने, दोन कोनांची बेरीज लहान असेल तर बॉल लवकर हलायला लागतो, मोठी असेल तर उशिरा. व्हॅल अँगल लहान, म्हणजे वीस-तीस अंश, असेल तर वळण झटक्यात येतं. साठ-सत्तर असेल तर वळण लांबट आणि सौम्य होतं. पिन वर आणि पिन खाली म्हणतात ते बहुतांशी याच कोनामुळे. स्टॉर्मवाले हीच माहिती दुसऱ्या पद्धतीने देतात, त्यात शेवटचा आकडा पिन बफरचा (पिन व्हॅलपासून किती लांब ते) असतो. मोजमाप वेगळं, भूमिती तीच.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर मात्र पॅप मोजल्याशिवाय देणार नाही.

---

शंकेखोर_नाना

भोकपाडे, लिहिलंय छान, पण पोराला खड्ड्यात घालू नका.

मी जर्सीत ऐंशीच्या दशकापासून खेळतोय. तेव्हा बॉलच्या आत पॅनकेक ब्लॉक, म्हणजे चपटा गाभा, असायचा आणि साइड वेट (एका बाजूचं जास्तीचं वजन) अर्धा औंस ठेवायचं की पाऊण, यावर प्रो शॉपमध्ये तास-तास वाद चालायचे. नव्वदच्या सुरुवातीला बॉलच्या बाहेरच्या कवचासाठी रिअॅक्टिव्ह रेझिन आलं आणि ते वाद एका हिवाळ्यात मेले. बॉल पाच-सात बोर्ड जास्त वळायला लागल्यावर पाऊण औंसाचं कोण विचारतो? आता तीच माणसं अंश मोजतात.

यूएसबीसीने (अमेरिकेतली बोलिंगची नियामक संस्था) त्यांच्या बॉल मोशन अभ्यासात कंपन्यांचे भरपूर बॉल मशीनने टाकून पाहिले होते. बॉलच्या वळण्यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा निघाला? पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा. कोअर आणि त्याचे आकडे त्याच्या मागे. आमचा अनुभवही तोच. १००० चं अॅब्रालॉन पॅड (घासायचं, आकडा लहान तेवढं खरखरीत) बॉलवर फिरवा, बॉल लवकर पकड घेईल. ४००० ने घासा किंवा पॉलिश करा, लांब जाईल. पॅड थोडक्या पैशांत येतं. नव्या बॉलच्या किमतीत पॅडचा आख्खा डबा येईल.

मंगळवार, पॅड घे. लेआउटच्या भजनात टाळ वाजवू नकोस.

---

जडत्व

नाना, अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्याचं गणित करून दाखवतो, कारण गणित सोपं आहे आणि मजेदार आहे. (मी बोलर नाही. पुण्यात यंत्रशास्त्र शिकवतो. धाग्याने खाज सुटली.)

कोअरमुळे बॉलचं जडत्व सगळ्या दिशांना सारखं नसतं. पिनच्या दिशेने सगळ्यात कमी, तिला काटकोनात सगळ्यात जास्त. बोलिंगवाले जडत्वाऐवजी आरजी (रेडियस ऑफ जायरेशन, इंचांत) सांगतात. मंगळवारांच्या १५ पौंडी बॉलचा आरजी २.४८ आणि डिफरन्शियल ०.०५१, म्हणजे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आरजीमधला फरक एवढा.

आता जेवणाची ताटली हवेत तिरकी भिरकावली तर ती फिरता फिरता डगमगते, कारण आपण तिला तिच्या नैसर्गिक अक्षाभोवती फिरवलेलं नसतं. बॉलचंही तेच. तुमच्या हाताने दिलेला अक्ष पिनशी जुळला नाही, तर फिरण्याचा अक्ष बॉलच्या अंगावरून सरकत जातो, पिनभोवती गोल गोल. अक्ष सरकला की लेनला टेकणारा पट्टाही सरकतो. म्हणून बॉलवर तेलाचं एकच कडं न उमटता एकमेकांशेजारी अनेक कडी उमटतात. हाच फ्लेअर. प्रत्येक फेरीत कोरडा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो म्हणून पकड वाढते.

अक्ष किती वेगाने सरकेल? पिन आणि पॅप यांच्यातल्या कोनाची साइन गुणिले कोसाइन. बॉलचा परीघ साधारण २७ इंच, म्हणजे ९० अंश म्हणजे पावणेसात इंच. हा गुणाकार ४५ अंशांना सर्वाधिक होतो, म्हणजे पावणेसातच्या निम्म्यावर, ३.३७५ इंचांवर. पिन पॅपवरच ठेवली तर फ्लेअर शून्य, पावणेसातवर ठेवली तरी शून्य. जास्तीत जास्त फ्लेअर १०० धरला तर समित (पिनभोवती सगळीकडून सारख्या) कोअरच्या, भोकं न पाडलेल्या बॉलसाठी हिशेब असा येतो:

२ इंच: ८०
३ इंच: ९८
४ इंच: ९६
४½ इंच: ८७
५ इंच: ७३
५½ इंच: ५५
६ इंच: ३४

तीन आणि चारमध्ये फरक दोन टक्के! साडेतीन की चार यावर कोणी भांडत असेल तर खुशाल दुर्लक्ष करा. पाचच्या पुढे मात्र अर्धा-अर्धा इंच महाग पडतो. भोकपाडे म्हणतात तसं मंगळवारांचं अंतर चारच्या जवळ आणि मित्राचं साडेपाचच्या जवळ असेल, तर एकाचा फ्लेअर ९६ आणि दुसऱ्याचा साठच्या आत. नाना, पॅड न फिरवता एवढा फरक पडला.

आणखी एक. २ इंच आणि पावणेपाच इंच यांचा फ्लेअर जवळजवळ सारखाच येतो, पण बॉल सारखे वागत नाहीत. दोन इंचांवर बॉल आपल्या कमी जडत्वाच्या अक्षाजवळ फिरतो, प्रभावी आरजी २.४९ च्या आसपास राहतो. पावणेपाचला तो २.५२ पर्यंत जातो. त्यामुळे पहिला बॉल आधी रोल होतो आणि दुसरा उशिरा.

---

कोथरूडचा_गटर

वाचनखूण साठवली. जडत्व सर, कॉलेजात तुम्ही असतात तर मी एटीकेटीत अडकलो नसतो.

आमच्याकडे मॉलमधल्या लेनवर तेल कोणी कधी बघितलंय? काही ठिकाणी लावत असतीलही, पण मी जिथे जातो तिथे शनिवारी संध्याकाळी लेन ठणठणीत कोरडी असते. एक मित्र बाहेरून चांगला रिअॅक्टिव्ह बॉल घेऊन आला. पहिलाच बॉल अर्ध्या लेनमध्ये डावीकडे वळला आणि थेट गटरात. लेआउट-बिआऊट राहू द्या, घरच्या प्लॅस्टिकच्या बॉलने त्याच्यापेक्षा जास्त पिना पडल्या.

---

भोकपाडे

कोथरूडकर, त्याचं कारण जडत्व सरांच्या उत्तरातच आहे. फ्लेअरचा उपयोग तेल असताना. तेलच नसेल तर बॉल सतत कोरड्या भागावर, मग प्रत्येक फेरीत नवा पट्टा मिळून मिळणार काय? उलट वळण सुटतं. अशा ठिकाणी प्लॅस्टिक किंवा युरेथेन, आणि पिन पॅपच्या जवळ नाहीतर लांब. मित्राला सांगा, तो बॉल तेल असलेल्या लेनसाठी ठेव.

नाना, तुमचं म्हणणं मी उलटवत नाहीये. माझा क्रम असा: आधी लेनवर तेल किती आणि कुठपर्यंत, मग पृष्ठभाग, मग कोअर, मग लेआउट. पण पॅड बॉलला लवकर किंवा उशिरा पकड घ्यायला लावतं, वळणाचा आकार पॅडने फारसा बदलत नाही. आणि पॅडची धार लेनवर झिजते, महिन्याभरात १००० चा बॉल गुळगुळीत व्हायला लागतो. भोकं झिजत नाहीत.

आणि बॉलने जास्तीत जास्त वळावं हा हेतू नसतो. उजव्या हाताच्या माणसाच्या बॉलने साडेसतराव्या बोर्डाजवळ सुमारे ६ अंशांनी पॉकेटमध्ये (पहिली पिन आणि तिच्या शेजारची पिन यांच्यातल्या फटीत) शिरावं, एवढंच हवं. त्याहून तिरका गेला तर उलट पिना अडकतात, स्प्लिट येतात, म्हणजे एकमेकींपासून दूरच्या पिना उभ्या राहतात. तेल कुठे संपतं त्यावरून बॉल कुठे वळायला हवा ते ठरतं: फुटांतून ३१ वजा करा, तो बोर्ड. ४० फुटांचं तेल असेल तर नववा बोर्ड. कुठे वळायचं ते तेल ठरवतं, लेआउट फक्त कसं वळायचं ते.

---

दोन्हीहाती

मी टेक्सासमध्ये शिकते, व्यावसायिक बोलर जेसन बेलमॉन्टेसारखी दोन्ही हातांनी टाकते, अंगठा आत घालत नाही. आमच्या कॉलेजच्या कोचने सांगितलं की व्हॅल अँगलची चिंता करू नकोस, पिन-पॅप बघ. का, ते कधी नीट सांगितलं नाही. जडत्व सर?

दुसरं, माझा जुना बॉल अंगठ्याच्या भोकासकट ड्रिल केलेला होता. आता तो टुर्नामेंटमध्ये चालत नाही म्हणतात. हे नक्की काय?

---

जडत्व

पहिल्याचं उत्तर मला आवडलं, म्हणून आधी तेच.

समित कोअरच्या, भोकं नसलेल्या बॉलला फक्त पिन आणि पॅप एवढंच माहीत असतं. पिनभोवती तो सगळीकडून सारखाच. त्यामुळे व्हॅल अँगल किती ठेवला याने त्याला काडीचाही फरक पडायला नको. फरक पडतो तो भोकांमुळे: बोटांची दोन आणि अंगठ्याचं एक भोक पाडून जो माल बाहेर काढला, त्याने जडत्व किंचित वाकडं होतं. व्हॅल अँगल म्हणजे तो माल कोअरच्या कुठल्या बाजूने काढायचा, एवढाच निर्णय. त्यातलं सगळ्यात मोठं भोक अंगठ्याचं. तेच नाही, म्हणजे तुमच्या बॉलमध्ये व्हॅल अँगलला काम करायला वस्तुमानच फार कमी उरलं. कोच बरोबर आहेत.

असमित कोअर असेल, ज्यावर मास बायसची (कोअरच्या जास्त वजनाच्या बाजूची) वेगळी खूण असते, तर गोष्ट वेगळी. तिथे बॉल मुळातच तीन दिशांना तीन प्रकारचा आहे. मग ड्रिलिंग अँगल खरोखर बोलतो.

---

भोकपाडे

नियमाचं मी सांगतो. पूर्वी ड्रिलिंग झाल्यावर बाजूला एक चौथं भोक पाडायची पद्धत होती, बॅलन्स होल. त्याने वजन नियमात बसवता यायचं, पण खरा उपयोग वेगळाच: योग्य जागी पाडलं की फ्लेअर वाढायचा किंवा कमी व्हायचा. पिनेलसारख्यांनी त्यावर मोठं काम केलं होतं. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने ते बंद केलं. ज्या भोकात टाकताना बोट नसतं ते भोक बॅलन्स होल धरलं जातं. म्हणून अंगठा न वापरणाऱ्या मुलीच्या बॉलवर अंगठ्याचं भोक असलं की तो बाद. भरून घ्या, बॉल पुन्हा चालेल.

त्याच्या बदल्यात एक सवलत मिळाली. १० पौंडांहून जड बॉलसाठी स्थिर वजनातला फरक आता कुठल्याही दिशेला ३ औंसांपर्यंत चालतो. आधी बाजूला आणि बोट-अंगठ्याकडे फक्त १ औंस होता. नाना, तुमचा पाऊण औंसाचा वाद आता अधिकृतरीत्या निकाली निघाला. सीजी (गुरुत्वमध्याची खूण) कुठे येतो याची आम्हाला पूर्वीइतकी काळजी करावी लागत नाही, पिन मनासारखी ठेवता येते.

मात्र चौथं भोक गेल्यापासून ड्रिलिंगनंतर सुधारायची सोय गेली. पूर्वी लेआउट किंचित हुकला तरी भोक पाडून फ्लेअर वर-खाली करायचो. आता पहिल्याच वेळी पॅप बरोबर हवा.

आणि डिफरन्शियलची वरची मर्यादा ०.०६० आहे, हेही लक्षात ठेवा. २०१६ मध्ये मोटिव्ह कंपनीचे जॅकल आणि जॅकल कार्नेज हे दोन बॉल त्याच्या वर निघाले म्हणून मान्यता काढून घेतली होती. हजारातल्या एखाद्या अंकासाठी लोकांना बॉल परत करावे लागले.

---

शंकेखोर_नाना

०.०६० च्या वरचा बॉल कपाटात ठेवायलाही चालणार नाही का, भोकपाडे?

बरं, भरून पुन्हा ड्रिल करण्याचा विषय निघालाच आहे, तर मंगळवारने नवा बॉल कशाला घ्यावा? आहे त्याचीच भोकं भरा, पिन पाच इंचांवर घ्या. नव्या बॉलपेक्षा बरंच स्वस्त.

---

भोकपाडे

कपाटात ठेवा, नाहीतर अंगणात. लीगमध्ये नाही.

भरणं चालतं, मी दर आठवड्याला करतो. पण मंगळवारदादांना दुसरा बॉल हवाय तो रात्रीच्या तिसऱ्या गेमसाठी असावा असा माझा अंदाज. पहिल्या गेममध्ये तेल ताजं, दोन तास सगळे त्याच रेषेवरून टाकत राहिले की तिथलं तेल उडतं आणि बॉल लवकर वळायला लागतो. तेव्हा कमी पकडणारा बॉल हातात हवा. आहे तोच बदलला तर पहिल्या गेमला काय टाकणार?

---

मंगळवारची_लीग

अंदाज बरोबर. तिसऱ्या गेमला माझा बॉल पहिल्याच पिनच्या डाव्या बाजूला जाऊन आदळतो, मला उजवीकडून डावीकडे सरकत सरकत शेवटी लेनच्या पलीकडे उभं राहावं लागतं.

काल दुकानात पॅप मोजून घेतला: ४ इंच उजवीकडे, अर्धा इंच वर. मित्राचाही मोजला. ५½ उजवीकडे, वर-खाली काही नाही. भोकपाडे, तुमचं 'समजा' अगदी नेमकं बसलं!

मोजतात कसे ते इथे लिहून ठेवतो, पुढे कोणाला लागेल. प्लॅस्टिकचा स्पेअर बॉल दिला, कारण त्यावर फ्लेअर नगण्य, तेलाचं एकच ठळक कडं उमटतं. माझ्या नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या वळणाने टाकायला सांगितलं. मग त्या कड्याच्या प्रत्येक बिंदूपासून सारख्या अंतरावर असलेला बिंदू शोधला, तो पॅप. खात्री करायला तिथे पांढरी टेप लावून पुन्हा टाकायला लावलं. टेप हातातून सुटल्यावर पहिल्या काही फुटांत एका जागी स्थिर दिसली. डगमगली असती तर पुन्हा मोजायचं होतं.

आता सांगा, दुसरा फेझ टू की वेगळा?

---

भोकपाडे

वेगळा. ठामपणे.

दुसरा फेझ टू घेऊन ५½ इंचांवर ड्रिल केला तर फ्लेअर कमी होईल हे खरं, जडत्व सरांचा तक्ता समोरच आहे. पण कव्हर (बाहेरचं कवच) तेच राहील, सॉलिड प्रकारचं, चटकन तेल ओढून पकड घेणारं. तिसऱ्या गेमला लेन कोरडी पडली की असं कव्हर कमी फ्लेअरलाही लवकर पकडतंच. नाना इथे पूर्ण बरोबर आहेत: कव्हरने जे बिघडवलं ते लेआउटने भरून निघत नाही.

हाय-रोड बघा, त्याच कंपनीचा. आरजी २.५७, डिफरन्शियल ०.०४६, कव्हर हायब्रिड, म्हणजे पूर्ण सॉलिड नाही. तुमच्यापेक्षा उशिरा फिरायला लागेल, तेलावर जास्त घसरेल. तुमच्या पॅपवर मी साधारण ६५ × ५ × ३० ठेवीन. समित कोअर आहे, त्यामुळे ६५ वर फार डोकं खपवू नका, तो मुख्यतः भोकं आणि सीजी नीट बसावेत म्हणून. ५ हा आकडा महत्त्वाचा. ३० ने पिन वर राहील, कोरड्यात गेल्यावर वळण जरा झटक्यात येईल. तुमचा रेव्ह रेट ३०० आहे, त्यामुळे बॉल हाताबाहेर जाईल असं वाटत नाही.

फेझ टूला हात लावू नका. चार इंच पॅपवरचा तो लेआउट ताज्या तेलासाठी चांगलाच आहे. फक्त २००० ने एकदा घासून घ्या, कव्हर फारच गुळगुळीत झालं असेल.

---

दोन्हीहाती

६५ × ५ × ३० म्हणजे पिन नक्की कुठे येईल, अनामिकेच्या वर की बाजूला?

---

भोकपाडे

५ इंच ही पॅपपासूनची लांबी आहे, सरळ वर जाणारी नाही. पॅपमधून ग्रिपच्या मध्यरेषेला समांतर एक उभी रेघ काढायची, ती व्हॅल. पिन ते पॅप ही रेघ तिच्याशी ३० अंशांचा कोन करते. अंतर ५ इंच आणि कोन लहान, म्हणजे पिन बरीच वर जाते, बोटांच्या भोकांच्याही वर. आणि पॅपच्या डावीकडे, म्हणजे तुमच्या बोलीत 'वर', बाजूला नाही. नेमकी जागा बोटं आणि अंगठा यांच्यातल्या अंतरावर अवलंबून. हे बॉलवर काढून बघा, कागदावर डोकं दुखतं.

---

शंकेखोर_नाना

मंगळवार, ड्रिल झाल्यावर पहिल्याच दिवशी निकाल लावू नकोस. एखाद्या रात्रीत तेल वेगळं पडलेलं असतं. आणि बॉल परत आला की तेलाची कडी बघ. दोन शेजारच्या कड्यांमधलं अंतर फेझ टूपेक्षा कमी दिसलं पाहिजे. तसं दिसलं तर मी भोकपाडेंना मान देईन. नाही दिसलं तर पॅडच्या गप्पा पुन्हा सुरू.

---

भोकपाडे

मान्य. एक गोष्ट जोडतो: कडी बोटांच्या भोकांवरून जाता कामा नयेत. गेली तर लेनवर टक-टक असा आवाज येतो आणि प्रत्येक फेरीत बॉल किंचित उसळतो. तसं झालं तर लेआउट कितीही छान असो, तो तुमच्यासाठी नाही.

---

मंगळवारची_लीग

शनिवारी ड्रिल करायला देतोय, ६५ × ५ × ३०. कड्यांचा फोटो टाकतो. माझ्या बायकोने हा धागा वाचून विचारलं, ती डावखुरी आहे, तिच्यासाठी सगळं उलट करायचं का?

---

भोकपाडे

आरशात बघितल्यासारखं. पॅप डावीकडे मोजायचा, बाकी आकडे तेच. फरक लेनवर पडतो: बहुतेक लीगमध्ये डावखुरे मोजकेच, त्यामुळे डाव्या बाजूचं तेल रात्रभर टिकतं आणि तुम्हाला तिसऱ्या गेमला जे वळण नकोसं होतं ते तिला उशिरा येतं किंवा येतच नाही. तुम्हाला दोन बॉल लागतात म्हणून तिलाही लागतील असं नाही. वहिनींनी आधी एकच घ्यावा, पिन-पॅप चार ते साडेचार, आणि कव्हर किती घासलेलं आवडतंय ते बघावं. दुसरा पुढच्या हिवाळ्यात.